एकवीस चालींची पेटी आणि दोघींचे चार हात

अबोली

गेल्या मे महिन्यातील एका दुपारी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने एक लाकडी पेटी माझ्यासमोर ठेवली. तिच्या मुलाने ती जपानहून आणली होती, आणि घरात येऊन दोन महिने झाले तरी तिने तिला हात लावलेला नव्हता. "ही एकटीने उघडायची नाही, म्हणून थांबले आहे," एवढेच ती म्हणाली. त्या दुपारी आणि नंतरच्या दोन संध्याकाळी एरंडवण्यातील आमच्या घराच्या गच्चीवर बसून आम्ही दोघींनी ती उघडली. त्या तीन बैठकांत मला जे सुख मिळाले त्याविषयी सविस्तर लिहावे, असे तेव्हापासून मनात घोळत आहे.

पेटी लांबीला साधारण १५ सेंटिमीटर आहे. जपानमध्ये तिचे माप 'सुन' या जुन्या एककात सांगतात. एक सुन म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर, तेव्हा ही पाच सुनांची पेटी झाली. टोकियोच्या नैर्ऋत्येला हाकोने नावाचा डोंगराळ भाग आहे; तिथे या पेट्या बनतात आणि त्यांना 'हिमित्सु-बाको', म्हणजे गुपिताची पेटी, असे म्हणतात. तिला कुलूप नाही, कडी नाही, बिजागरी नाही, आणि सहाही बाजूंवर एकसारखी भौमितिक नक्षी असल्यामुळे झाकणाची बाजू कोणती हेसुद्धा ओळखता येत नाही. बाजूच्या पट्ट्या ठरावीक क्रमाने थोड्या थोड्या सरकवल्या, तरच शेवटी वरची फळी पूर्ण सरकून पेटी उघडते. चार चालींत उघडणाऱ्या सोप्या पेट्याही असतात. आमचीला २१ चाली आहेत.

पेटीबरोबर उत्तराचा कागद आला होता. तो आम्ही न उघडता पाकिटात घातला, पाकीट चिकटवले आणि माझ्या सासूबाईंकडे सांभाळायला दिले. त्यांनी ते देवघरातल्या पोथ्यांखाली ठेवले आणि आम्ही दोघी कितीही काकुळतीला आलो तरी द्यायचे नाही, असे स्वतःच ठरवून टाकले.

पहिली चाल सापडायला वीस मिनिटे लागली. आखूड बाजूची एक पट्टी अंगठ्याने खाली दाबल्यावर तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी सरकली आणि आतून अगदी हलका 'टक्' असा आवाज आला. तोपर्यंत तो माझ्या हातात एक सुंदर ठोकळा होता. त्या एका हालचालीनंतर तो पेटी झाला.

मग आम्ही एक रीत ठरवली. पेटी एकीच्या हातात आणि वही दुसरीच्या. जिच्या हातात पेटी आहे तिने बोटांना जे जाणवते ते मोठ्याने सांगायचे: डावी पट्टी खाली गेली, वरची फळी उजवीकडे किंचित हलली पण अडली, मागची बाजू ढिली वाटते पण सरकत नाही. वहीवालीने ते लिहायचे आणि पेटीला हात लावायचा नाही. दर दहा मिनिटांनी अदलाबदल. सांगताना लक्षात आले की बोटांना कळलेल्या कितीतरी गोष्टी मला शब्दांत मांडता येत नव्हत्या, आणि मांडता येईपर्यंत त्या मला खऱ्या अर्थाने कळलेल्याही नव्हत्या. 'अडली' आणि 'थांबली' यांत फरक आहे, हे तिने मला विचारून विचारून काढून घेतले. अडलेली पट्टी लाकडावर टेकून थांबते आणि टणक लागते. नुसती घट्ट असलेली पट्टी किंचित लवचीक लागते. एकटीच असते, तर हा भेद मी कधीच केला नसता.

आठव्या चालीपाशी आम्ही पूर्ण अडकलो. पाऊण तास काही हलेना. मग मैत्रिणीने पेटी कानाशी नेली, पहिल्याच चालीत सरकवलेल्या पट्टीवर नख ठेवले आणि म्हणाली, "अगं, हिचे काम संपले असे आपण का धरून चाललो आहोत?" तीच पट्टी आणखी एक पाऊल खाली गेली. तिथून पुढच्या सहा चाली जवळजवळ एका श्वासात झाल्या.

मला विचारायचे आहे ते असे. पेटी उघडताना दोघांनाही उत्तर ठाऊक नसणे हे जास्त आनंदाचे, की एकाला ठाऊक असून त्याने गप्प बसून दुसऱ्याकडे पाहणे? आता मला उत्तर ठाऊक आहे आणि माझी भाची पुढच्या महिन्यात येणार आहे. तिच्याजवळ मी कशी बसावे?

देवदार

अबोलीताई, मी हौसेने सुतारकाम करतो, त्यामुळे आधी पेटीच्या अंगाविषयी लिहितो आणि मग तुमच्या प्रश्नाकडे येतो.

तुम्ही जिला नक्षी म्हणालात ती रंगवलेली नसते. या कलेला 'योसेगी' म्हणतात आणि त्यातील प्रत्येक रंग हा त्या त्या लाकडाचा मूळ रंग असतो. पांढरट, पिवळसर, हिरवट, तांबूस आणि काळपट लाकडांच्या बारीक कांड्या सरसाने एकमेकींना चिकटवून आधी जाड ठोकळा तयार करतात, त्या ठोकळ्याच्या कापावर नक्षी उमटते, आणि मग खास रंध्याने त्याच्या कागदासारख्या पातळ ढलप्या काढून त्या पेटीवर चिकटवतात. ही कला हाकोने भागातील हाताजुकु या गावात, एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) अखेरीस, इशिकावा निहेई या कारागिराने सुरू केली असे मानतात. जपान सरकारने १९८४ मध्ये तिला पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला.

माझ्या मते नक्षीचे खरे काम सजावटीपेक्षा मोठे आहे. साध्या सागवानी फळीवर दोन तुकड्यांचा सांधा डोळ्याला लगेच सापडतो, कारण तिथे तंतूंची रेघ तुटते. जिथे दर दोन-तीन मिलिमीटरवर रेघ तुटतच असते, तिथे खरा सांधा शंभर खोट्या सांध्यांत हरवून जातो. पेटी लपवण्याचे अर्धे काम त्या ढलपीने केलेले असते, आणि उरलेले अर्धे आतल्या खाचा आणि जिभा करतात. एका पट्टीच्या पाठीवरची जीभ शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसलेली असते. ती जीभ खाचेतून सुटेपर्यंत शेजारची पट्टी जागची हलत नाही. खाच पायरीपायरीची केली की एकच पट्टी दोनदा, तीनदा कामाला येते. तुमची आठवी चाल हीच होती.

आता प्रश्नाचे उत्तर. मी स्वतः सहा चालींची एक पेटी सागवानात बनवली आहे आणि मित्रांना उघडायला देतो. बनवणाऱ्याला उत्तर ठाऊक असणारच. तरीही प्रत्येक मित्राबरोबर मला ती नव्याने कळते, कारण जी चाल मला उघड वाटत होती तिथेच कुणीतरी तासभर थांबतो, आणि जी मी अवघड म्हणून मुद्दाम योजली होती ती कुणाच्या तरी हातून सहज होऊन जाते. तेव्हा भाचीजवळ अवश्य बसा.

पेठेतला वाचक

माझ्याकडे अशीच दहा चालींची पेटी होती. 'होती' असे लिहिताना वाईट वाटते. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये ती पाचव्या चालीवर अडकली, आणि मी व माझा मित्र दोघेही इतके ईरेला पेटलो की त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक फटीत घातले आणि मी पेटी धरून ठेवली. पट्टीच्या पाठीवरची जीभ तुटली. चूक दोघांची सारखीच होती, आणि त्याविषयी आम्ही एकमेकांना आजवर एक शब्दही बोललेलो नाही. पावसाळ्यात अशा पेट्यांचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

देवदार

लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, पण आडव्या दिशेने हवेतील ओलावा शोषून फुगते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. पट्टी आणि खाच यांच्यात जिथे मुळात केसाएवढीच जागा ठेवलेली असते, तिथे हा फरक पेटी बंद पाडायला पुरेसा आहे.

तेल लावू नये. ते तंतूंत मुरते, डाग पडतात आणि पुढे धूळ धरून पट्टी अधिकच जड होते. पेटी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्यांसह ठेवावी आणि एक-दोन आठवडे वाट पाहावी. हीटरजवळ किंवा उन्हात ठेवून घाई केली तर ढलपी उचकटते. पट्टी मोकळी झाल्यावर, आणि दिसत असेल तेवढ्याच कडेवर, पांढऱ्या मेणबत्तीचे टोक एकदा हलकेच फिरवले तर चालते. तुमच्या पेटीची तुटलेली जीभ आत शिल्लक असेल तर ती परत चिकटवता येईल. पेटी फेकून दिलेली नसेल अशी आशा आहे.

पेठेतला वाचक

फेकलेली नाही. हलवली की आत तो तुकडा वाजतो. मित्राला आजच फोन करतो.

गणितवाटा

चालींची संख्या २१ वाचून मला राहवले नाही, म्हणून लिहितो आहे. 'चिनी कडी' नावाचे एक जुने कोडे आहे. एका लांबट दांड्यावर कड्यांची रांग अडकवलेली असते आणि त्या सगळ्या सोडवायच्या असतात. इटालियन गणिती कार्दानो याने १५५० मध्ये त्याचे वर्णन केले, आणि १८७२ मध्ये फ्रान्समधील लुई ग्रो याने त्याची गणिती उकल लिहिली. नियम असा आहे की पहिली कडी केव्हाही काढता-घालता येते. इतर कोणतीही कडी तेव्हाच हलते, जेव्हा तिच्या लगेच आधीची कडी दांड्यावर असते आणि त्याआधीच्या सर्व सुटलेल्या असतात.

तीन कड्यांचे उदाहरण घ्या. पहिली काढा, तिसरी काढा, पहिली पुन्हा घाला, दुसरी काढा, पहिली पुन्हा काढा. पाच चाली झाल्या, आणि त्यातली एक चाल अशी की जे सोडवले होते ते परत अडकवावे लागले. चार कड्यांना १० चाली लागतात, पाच कड्यांना २१, आणि पारंपरिक नऊ कड्यांना ३४१. तुमच्या पेटीचा आकडा पाच कड्यांशी जुळतो हा केवळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडला.

दोन्हींच्या रचनेत फरक आहे, तो स्पष्ट करतो. तुमच्या पेटीत पहिली पट्टी आणखी पुढे गेली. कड्यांमध्ये पहिली कडी मागे येते. मात्र माणसाची अडचण दोन्हीकडे एकच असते. जे पूर्ण झाले असे आपण मनात नोंदवले, त्याच्याकडे मन पुन्हा वळत नाही. मी अनेक वर्षे महाविद्यालयात गणित शिकवले, आणि विद्यार्थी अडकतात ते बहुतेक वेळा पाटीवरच्या शेवटच्या ओळीत नव्हे, तर ज्या दुसऱ्या ओळीखाली त्यांनी समाधानाने रेघ ओढलेली असते तिथे. दुसरा माणूस शेजारी असला की त्या ओळीवर बोट ठेवणारे कुणीतरी असते, कारण ती रेघ त्याने ओढलेली नसते.

कडी सोडवताना मी आणि माझे सहकारी एकाआड एक चाल करत असू. एकाची चाल म्हणजे नेहमी पहिली कडी, आणि दुसऱ्याची म्हणजे उरलेल्यांपैकी जी हलू शकते ती एकमेव. असे केले की कोडे आपोआप पुढे सरकते, कारण लागोपाठ दोनदा तीच कडी हलवणे म्हणजे केलेले रद्द करणे होय. पाच कड्या संपताना आम्हा दोघांपैकी कुणालाही विचार करावा लागलेला नसे, तरीही शेवटची कडी सुटली की दोघेही लहान मुलांसारखे हसत असू.

मैत्रीण हजर आहे

अगं अबोली, तू लिहिते आहेस हे मला सांगायचेस तरी. मी खास यासाठी इथे नाव नोंदवले, कारण आठव्या चालीचा प्रसंग तू चुकीचा सांगितला आहेस.

मला काही ऐकू आले नव्हते. पेटी कानाशी नेली ती मान अवघडली होती म्हणून. मला जे सापडले ते दिसले होते. दोन्ही आखूड बाजूंवर नक्षीतील काळ्या रेघा शेजारच्या बाजूच्या रेघांशी मुळात जुळलेल्या होत्या. पट्ट्या खाली सरकल्यावर त्या तुटल्या. डावीकडची रेघ जेवढी तुटली होती, त्याच्या साधारण दुप्पट उजवीकडची तुटली होती. मी नखाने दोन्ही पायऱ्या चाचपून पाहिल्या आणि खात्री करून घेतली. उजवी दोन पावले गेली होती आणि डावी एकच. म्हणून मी डावीला विचारले.

आणि एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. त्याआधी दहा मिनिटे वही माझ्याकडे होती, आणि तू सांगितलेल्या चाली लिहिताना 'उजवी खाली' हे शब्द माझ्या हातून दोनदा उतरले होते. 'डावी खाली' एकदाच. रेघेकडे माझे लक्ष गेले ते त्या वहीमुळे. तू बोलली नसतीस तर मी लिहिले नसते, आणि लिहिले नसते तर मला ती रेघ दिसली नसती.

मी बँकेत बरीच वर्षे लॉकर विभागात काम केले. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. आमची किल्ली आधी फिरवून आम्ही बाजूला होत असू, आणि पुढे ग्राहकाने काय ठेवले किंवा काढले हे कधी पाहत नसू. भाचीविषयी तू जे विचारले आहेस त्याचे माझे उत्तर त्या सवयीतून येते. पहिली चाल तिला दाखव, म्हणजे हा ठोकळा नसून पेटी आहे एवढे तिला कळेल, आणि मग स्वयंपाकघरात जा. शेजारी बसलीस तर तिचा अंगठा योग्य जागी पोहोचताच तुझा चेहरा बदलेल. तुला मी चाळीस वर्षे ओळखते.

अबोली

तू सांगतेस तेच बरोबर असणार. वही काढून पाहिली. 'उजवी खाली' दोनदा आहे, आणि तुझ्याच अक्षरात.

शनिवारातली नात

हा धागा वाचून मला आमच्या आजीची फणेरपेटी आठवली. आतल्या बाजूने आरसा असलेले झाकण, कुंकू, मेण आणि फणी यांचे कप्पे, आणि त्या कप्प्यांचा खण उचलल्यावर तळाशी चोरकप्पा. त्याची युक्ती अगदी साधी होती: मागची छोटी फळी वर उचलली की पुढून कप्पा बाहेर येई. पण ज्याला ठाऊक नाही, तो झाकणाकडेच पाहत राही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा शनिवार पेठेतील आमच्या वाड्यात पाणी शिरले. पेटी सापडली ती चिखलात, आणि चोरकप्पा घट्ट बसलेला. आतमध्ये आजीच्या आईचे मणी होते. घरातील पुरुष मंडळी पेटी फोडायला निघाली होती. आजीने ती शेजारच्या बिऱ्हाडातील तिच्या मैत्रिणीकडे नेऊन ठेवली, कारण ते बिऱ्हाड माडीवर होते आणि कोरडे राहिले होते. दोघी रोज दुपारी ती फळी हलते का हे पाहत, आणि हलली नाही की पेटी परत फडताळात जाई. दिवाळीनंतर एका दुपारी फळी वर आली. आजी ही गोष्ट सांगताना मण्यांविषयी एका वाक्यात बोलत असे आणि त्या चार महिन्यांतील दुपारींविषयी कितीतरी वेळ.

देवदार यांचा सिलिका जेलचा सल्ला वाचून वाटले, तेव्हा त्या दोघींनी नेमके हेच केले होते.

पहाटफेरी

माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूमुळे गेली आहे. सारसबागेत रोज सकाळी भेटणाऱ्या त्यांच्या मित्रांनी त्यांना अशीच दहा चालींची एक पेटी दिली. हाताने उघडण्याचे काम वडिलांचे, आणि पेटीवरचे रंग सांगण्याचे काम त्या मित्रांपैकी एका काकांचे. नक्षीचा पेटी उघडण्याशी संबंध नाही असे आम्हाला वाटत होते, पण वडील हट्टाने विचारत, "अरे, आत्ता माझ्या अंगठ्याखाली कोणता रंग आहे?" वर 'मैत्रीण हजर आहे' यांनी रेघ तुटण्याविषयी लिहिले आहे, ते मी आज दोघांना वाचून दाखवले. काका म्हणाले की उद्यापासून ते रंगांबरोबर रेघाही सांगतील. वडील म्हणाले की त्या पायऱ्या त्यांच्या बोटांना पहिल्या दिवसापासून लागत होत्या, फक्त त्या कशाच्या आहेत हे ठाऊक नव्हते.

पेठेतला वाचक

मित्र आला होता. पेटीचा तळ न फोडता, चौथ्या चालीपर्यंत मागे आणून, फटीतून चिमट्याने तुकडा काढला. चिमटा त्याने धरला, विजेरी मी. दोन तास लागले. चिकटवायचे काम पावसाळ्यानंतर करू.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. पाकीट अजून पोथ्यांखालीच आहे आणि ते भाचीच्या वाट्याचे आहे, असे त्यांनी बजावले आहे.

काल मैत्रीण आली तेव्हा आम्ही पेटी बंद करून ठेवू म्हणालो. बंद करायची म्हणजे त्याच २१ चाली उलट्या क्रमाने. वही शेवटच्या पानापासून वाचत गेलो. मधल्या एका चालीवर वरची फळी थांबली. अडली नव्हती, बोटाखाली किंचित लवचीक लागत होती, तेव्हा कारण दमट हवा हेच. मैत्रिणीने पेटी माझ्या हातातून काढून घेतली, डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांवर ठेवली आणि वहीत त्या चालीसमोर तारीख लिहिली. भाचीला कळवले आहे की येणे दसऱ्यापर्यंत पुढे ढकल.